गाउटची गोळी आणि लीशमॅनियाचा जंतू

प्रश्न : ताई, माझा मुलगा नोकरीसाठी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला असतो. तिथे त्याने एक कुत्रा पाळलाय. गेल्या महिन्यात कुत्र्याची कातडी सोलवटायला लागली, नखं वेडीवाकडी वाढली, वजन उतरलं. डॉक्टरांनी रक्त तपासून ‘लीशमॅनिया’ असं निदान केलं. औषधांची यादी मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवली, त्यात ॲलोप्युरिनॉल! हीच गोळी आमचे हे गाउटसाठी रोज घेतात. जंतूंच्या आजाराला गाउटची गोळी कशी? तिथल्या डॉक्टरांचा काही घोटाळा तर नाही ना? आणि या गोळीत जंतू मारणारं विष असेल, तर ह्यांनी ती वर्षानुवर्षं घेणं बरोबर आहे का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : घोटाळा अजिबात नाही. स्पेन, इटली, पोर्तुगाल, ग्रीस या बाजूला कुत्र्यांचा हा आजार नित्याचा आहे, आणि ॲलोप्युरिनॉल हे त्यावरचं नेहमीचं औषध आहे. सहसा सुरुवातीला त्याच्या जोडीला दुसरं एक औषध असतं, अँटिमनीची इंजेक्शनं नाहीतर मिल्टेफोसिन. ते साधारण चार आठवडे चालतं आणि थांबतं. ॲलोप्युरिनॉल मात्र पुढे कित्येक महिने, कधी त्याहूनही जास्त, चालू ठेवतात. तुमच्या मुलाची यादी पुन्हा बघा, दुसरं औषध त्यात असेलच.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला फार आवडला. गाउटची गोळी जंतूवर चालते ती कशामुळे?

आधी तुमच्या घरातली गोष्ट. आपल्या पेशींत डीएनए, आरएनए आणि ऊर्जा पुरवणारं एटीपी या सगळ्यांत प्युरिन नावाचे रेणू असतात. ॲडेनीन आणि ग्वानीन ही त्यातली दोन मुख्य नावं. जुन्या पेशी मोडल्या की हे प्युरिनही मोडतात, आणि शेवटच्या दोन पायऱ्या अशा : हायपोझँथिनपासून झँथिन, झँथिनपासून युरिक ॲसिड. दोन्ही पायऱ्यांवर काम करणारं एन्झाइम एकच, झँथिन ऑक्सिडेज. युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात, पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन ठणकायला लागतो. तो अनुभव तुमच्या घरात कुणाला नव्याने सांगायला नको.

ॲलोप्युरिनॉल दिसायला हुबेहूब हायपोझँथिनसारखं आहे. रेणूतला एक कार्बन आणि शेजारचा एक नायट्रोजन यांनी जागा बदलल्या आहेत, एवढाच फरक. झँथिन ऑक्सिडेज त्याला फसतं, त्याच्यात अडकून बसतं आणि युरिक ॲसिड कमी होतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतलं हे औषध. खरं तर ते गाउटसाठी शोधायला निघालेच नव्हते. रक्ताच्या कर्करोगावरचं त्यांचं आधीचं औषध, मर्कॅप्टोप्युरिन, शरीरात फार लवकर मोडायचं, आणि ते मोडणारं एन्झाइम हेच झँथिन ऑक्सिडेज. त्याला अडवायला म्हणून ॲलोप्युरिनॉल दिलं, तर रुग्णांचं युरिक ॲसिड खाली आलं. १९८८ चं नोबेल त्या दोघांना जेम्स ब्लॅक यांच्यासोबत मिळालं. एलियनबाईंकडे पीएच.डी. नव्हती, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगत असे. मागच्या बाकावरची मुलंही तेवढ्यापुरती मान वर करायची.

आता जंतू. लीशमॅनिया हा एकपेशीय परजीवी. वाळूमाशी चावली की तो अंगात शिरतो आणि जंतूंना गिळून पचवणं हेच जिचं काम, त्याच पांढऱ्या पेशीच्या पोटात जाऊन राहतो. आपल्याकडे बिहार, झारखंड, बंगाल या भागात जो काळा आजार होतो, तो याच्याच भावकीतला. तिथला जंतू लीशमॅनिया डोनोव्हनी, स्पेनमधला लीशमॅनिया इन्फँटम. १९०३ मध्ये लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन या दोघांनी वेगवेगळं काम करून तो दाखवला, म्हणून नावात दोघंही.

या जंतूला प्युरिन बनवताच येत नाहीत. आपल्या पेशी साध्यासुध्या कच्च्या मालापासून, दहा पायऱ्या चढून, प्युरिनचं कडं स्वतः जोडतात. लीशमॅनियाकडे ही दहा पायऱ्यांची व्यवस्थाच नाही. मलेरियाच्या जंतूकडे नाही, टॉक्सोप्लाझ्माकडे नाही, जिआर्डियाकडे नाही. परजीवी प्रोटोझोआंचा जवळजवळ सगळा कुळाचार हाच : आयत्या पिठावर रेघोट्या. यजमानाच्या पेशीतले तयार प्युरिन उचलायचे, त्यांना साखर आणि फॉस्फेट जोडायचं की झालं काम. ही जोडणी करणारी जी एन्झाइमं, त्यांना शास्त्रात सॅल्व्हेजची एन्झाइमं म्हणतात. त्यांतलं एक एचजीपीआरटी. ते हायपोझँथिन आणि ग्वानीन पकडतं.

हेच एन्झाइम ॲलोप्युरिनॉललाही हायपोझँथिन समजून पकडतं. त्याला साखर-फॉस्फेट जोडून देतं. पुढची एन्झाइमंही फसतात, त्यावर अमिनो गट चढवतात, आणि शेवटी हा तोतया ॲडेनीनच्या जागी थेट आरएनएमध्ये जाऊन बसतो. प्रथिनं बनवण्याचं काम बिघडतं आणि जंतूची वाढ खुंटते. १९७४ च्या सुमाराला अमेरिकेत फाफलर आणि मार या दोघांनी हा परिणाम पहिल्यांदा दाखवला.

तुमच्या यजमानांच्या पेशीत असं का होत नाही? त्यांच्या शरीरात झँथिन ऑक्सिडेज आहे. ते ॲलोप्युरिनॉलचं भराभर ऑक्सिप्युरिनॉल करून टाकतं, आणि तेच पुढे दिवसभर युरिक ॲसिडला आळा घालतं. शिवाय माणसाचं एचजीपीआरटी या गोळीला फारशी दाद देत नाही, आणि आरएनएपर्यंत पोचण्याचा पुढचा उद्योग आपल्या पेशींत होत नाही. जंतूकडे झँथिन ऑक्सिडेज नाही, त्यामुळे त्याच्या पोटात गोळी जशीच्या तशी राहते. तेव्हा ह्यांनी गोळी निश्चिंत घ्यावी. या गोळीचं खरं पथ्य वेगळंच आहे. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांकडे जायचं. ‘उद्या बघू’ इथे चालत नाही.

मुलाला दोन गोष्टी कळवा. पहिली, ही गोळी जंतूची वाढ थोपवते, त्याला मुळासकट उपटत नाही. कुत्रा तुकतुकीत दिसायला लागला की आपल्या मनाने बंद करायची नाही. दुसरी, युरिक ॲसिड बनणं अडलं की मागे झँथिन साचतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि कुत्र्यांच्या मूत्रमार्गात त्याचे खडे होतात. म्हणून तिथले डॉक्टर अधूनमधून लघवी तपासतील आणि कमी प्युरिनचं खाणं सांगतील. लाडाने कलेजी घालणं बंद.

आणि हो, कुणी हे वाचून काळ्या आजारावर ॲलोप्युरिनॉल घेऊ नये. माणसांत ते वापरून पाहिलं गेलं, पण भरवशाचं ठरलं नाही. आपल्या देशात त्यावर आता लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा एक डोस शिरेतून देतात.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला आहे. आमच्या नोट्समध्ये एक ओळ आहे : ‘लीशमॅनियात एचजीपीआरटी व एक्सपीआरटी ग्लायकोसोममध्ये, एपीआरटी सायटोसॉलमध्ये.’ परीक्षेत हे दोन मार्कांना येतं आणि आम्ही लिहितो. पण एन्झाइम पेशीत कुठे बसलंय यानं खरंच काही फरक पडतो का? आणि एवढ्याशा पेशीत ते कुठे आहे हे कळतं तरी कसं? सरांना विचारलं तर म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही.
— एक विद्यार्थिनी, फतेगंज, बडोदे

उत्तर : सरांना दोष देऊ नकोस, त्यांना जूनपर्यंत पोर्शन संपवायचा असतो. मला आता तो त्रास नाही. दुसरा प्रश्न आधी घेते. ‘कळतं कसं’ हे कळलं, की पहिल्याचं उत्तर तुझं तुलाच निम्मं सुचेल.

बाकीच्या वाचकांसाठी आधी नावं सांगते. एपीआरटी आणि एक्सपीआरटी ही एचजीपीआरटीसारखीच सॅल्व्हेजची एन्झाइमं, पहिलं ॲडेनीन पकडतं, दुसरं झँथिन. आता ग्लायकोसोम म्हणजे काय ते. आपल्या पेशीत ग्लुकोज मोडण्याची पहिली एन्झाइमं पेशीच्या द्रवात, म्हणजे सायटोसॉलमध्ये, मोकळी असतात. १९७७ मध्ये ओप्पर्डूस आणि बोर्स्ट यांनी आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोममध्ये पाहिलं, तर त्यातली पहिली सात एन्झाइमं पडद्याच्या छोट्या पिशव्यांमध्ये बंद. असं तोवर कुठल्याच पेशीत कुणी पाहिलं नव्हतं. या पिशव्या म्हणजे ग्लायकोसोम. आपल्या पेशींतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या पिशव्यांच्या गोतावळ्यातल्याच त्या. लीशमॅनिया हा ट्रिपॅनोसोमचा चुलतभाऊ, त्याच्याकडेही त्या आहेत.

आता प्रयोग. तो हाताने केला नसेल तर त्याची गंमत कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. लीशमॅनियाचं माशीतलं रूप, प्रोमॅस्टिगोट, प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत वाढतं. त्याला लागतं साधारण २६ अंश तापमान. बडोद्याच्या मे महिन्यात, बाहेर ४२ असताना, आपल्या इन्क्युबेटरचं काम तापवण्याचं नसतं, थंड ठेवण्याचं असतं. दुपारी लाइट गेली की पहिली धाव जनरेटरकडे. मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवलास तर लांबट पेशी पुढे एक शेपूट वळवळवत पोहताना दिसतात. कधीकधी शेपटं मध्ये जुळवून त्या गोल घोळका करतात, फुलासारखा. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक विद्यार्थी इथे दहा मिनिटं वाया घालवतो, आणि घालवू द्यावीत.

या पेशी धुऊन घ्यायच्या आणि बर्फात ठेवलेल्या एकसारख्या नळ्यांमध्ये वाटायच्या. मग प्रत्येक नळीत डिजिटोनिन घालायचं, पहिलीत अगदी थोडं, पुढच्यांत वाढत वाढत. डिजिटोनिन हे एका वनस्पतीतून काढलेलं साबणासारखं द्रव्य. फार हट्टी. गरम केल्याशिवाय विरघळत नाही आणि गार झालं की पुन्हा खाली पांढरा गाळ. त्याची खासियत अशी की ते पडद्यातल्या स्टेरॉलला चिकटतं आणि तिथे भोकं पाडतं. पेशीच्या बाहेरच्या पडद्यात स्टेरॉल भरपूर, ग्लायकोसोमच्या पडद्यात फारच कमी. म्हणून थोड्या डिजिटोनिनला बाहेरचा पडदा फुटतो, आतल्या पिशव्या शाबूत राहतात. बरंच घातलं तर पिशव्याही फुटतात.

काही मिनिटं थांबून सगळ्या नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या. जे बाहेर सांडलं ते वरच्या पाण्यात, जे पिशवीत राहिलं ते तळाच्या गोळ्यात. आता वरच्या पाण्यात कुठलं एन्झाइम किती, ते मोजायचं. सोबत दोन साक्षीदार हवेत. एक पायरुव्हेट कायनेज, जे या जंतूत सायटोसॉलमध्येच असतं, आणि दुसरं हेक्झोकायनेज, जे ग्लायकोसोममध्ये असतं. आलेखावर पायरुव्हेट कायनेजची रेघ सुरुवातीलाच वर उसळते. हेक्झोकायनेजची रेघ बराच वेळ जमिनीला चिकटून राहते आणि शेवटी उठते. एपीआरटी पहिल्या रेघेला धरून चालतं, एचजीपीआरटी आणि एक्सपीआरटी दुसरीला. तुझ्या नोट्समधली ती एक ओळ म्हणजे हा आलेख.

एन्झाइम मोजण्याची युक्तीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. किरणोत्सारी कार्बन असलेलं हायपोझँथिन आणि पीआरपीपी, म्हणजे साखर-फॉस्फेटचा तयार पुरवठा, नळीत घालायचे. एन्झाइम असेल तर आयएमपी, म्हणजे साखर-फॉस्फेट जोडलेलं हायपोझँथिन, बनतं. आयएमपीवर फॉस्फेटमुळे ऋण भार असतो, नुसत्या हायपोझँथिनवर नसतो. मग डीई-८१ नावाच्या धन भाराच्या कागदाच्या चकतीवर थेंब टाकायचा आणि चकती धुवायची. हायपोझँथिन वाहून जातं, आयएमपी चिकटून बसतं. चकती काउंटरमध्ये टाकली की आकडा हातात.

याच भारामुळे जंतूचंही भागतं. प्युरिनला फॉस्फेट चढलं की ते पडद्यातून सहजासहजी बाहेर निसटू शकत नाही. म्हणजे ही एन्झाइमं प्युरिन नुसती वापरायजोगी करत नाहीत, त्यांना आत कोंडूनही ठेवतात.

डिजिटोनिनवर एकट्यावर विसंबून कुणी पेपर छापत नाही. पुढची पायरी अँटिबॉडीची. एचजीपीआरटीला चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावायचे आणि पेशीचे पातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचे. काळे ठिपके ग्लायकोसोमच्या आतच जमलेले दिसतात. ओरेगनमध्ये बडी उलमन यांच्या गटाने १९९८ मध्ये लीशमॅनिया डोनोव्हनीचं एचजीपीआरटी याच पद्धतीने दाखवलं. एपीआरटी आणि एक्सपीआरटीची कामं त्यानंतर २००४ मध्ये आली.

हे एन्झाइम पिशवीत जातं कशाच्या जोरावर? प्रथिनाच्या अगदी शेवटच्या तीन अमिनो आम्लांच्या. पेरॉक्सिसोमकडे जाणाऱ्या प्रथिनांच्या शेपटाला सेरीन-लायसीन-ल्युसीन किंवा त्याच्यासारखी तिकडी असते, हे तू शिकली असशीलच. लीशमॅनियाच्या एचजीपीआरटीला सेरीन-लायसीन-व्हॅलीन आहे, एक्सपीआरटीला ॲलनीन-लायसीन-ल्युसीन. एपीआरटीला अशी तिकडी नाही, म्हणून ते बाहेर.

आता तुझा पहिला प्रश्न. फरक पडतो का? १९९८ च्या त्याच कामात त्यांनी ही तिकडी छाटून टाकली. मूळ एचजीपीआरटी काढून टाकलेल्या जंतूत हे शेपूट तोडलेलं एन्झाइम घातलं. ते ग्लायकोसोममध्ये गेलं नाही, बाहेर सायटोसॉलमध्ये आणि इकडेतिकडे पसरलं. आणि तरीही जंतूने हायपोझँथिन मजेत वापरलं. म्हणजे एचजीपीआरटीला काम करायला ग्लायकोसोम लागत नाही!

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो नोट्समध्ये कधीच नसतो. आपल्याला सवय अशी की एखादी गोष्ट जिथे आहे, तिथे ती असायलाच हवी होती असं धरून चालायचं. ग्लायकोसोममध्ये ग्लुकोज मोडणारी एन्झाइमं असणं जंतूला जिव्हाळ्याचं आहे, ती बाहेर सांडली तर ट्रिपॅनोसोमला ते झेपत नाही. पण त्याच पिशवीत बसलेलं प्रत्येक एन्झाइम तितकंच अडून बसलेलं असेल असं नाही. काही जण तिथे फक्त राहत असतात. अर्थात हा प्रयोग बाटलीतल्या जंतूवर, भरपूर खाऊ घालून केलेला. पांढऱ्या पेशीच्या आत, जिथे प्युरिनची चणचण असते, तिथेही जागेचं महत्त्व इतकंच कमी असेल, असं मी त्यावरून म्हणणार नाही. आणि पेपरात उत्तर लिहिताना तूही म्हणू नकोस.

मग जागेचा उपयोग कुठे? जंतूतले रस्ते समजायला. बघ, लीशमॅनियाला ॲडेनीन मिळालं तर दोन वाटा आहेत. एक, एपीआरटीने साखर-फॉस्फेट जोडून सरळ एएमपी करायचं. दोन, ॲडेनीन डीअमिनेज त्याचं हायपोझँथिन करतं, आणि मग ते एचजीपीआरटीकडे, म्हणजे ग्लायकोसोममध्ये. हे डीअमिनेज सायटोसॉलमध्ये, एपीआरटीच्या शेजारीच बसलेलं, आणि प्रत्यक्षात बरंचसं ॲडेनीन तेच पळवतं. त्यामुळे जंतू ॲडेनीन खातोय असं दिसलं तरी त्याची वाट शेवटी ग्लायकोसोमकडेच वळते. माणसात हे ॲडेनीन डीअमिनेज नाही.

उलमन यांच्याच प्रयोगशाळेने पुढे एकेक जनुक काढून पाहिलं. एचजीपीआरटी नसलेला जंतू वाढला. एक्सपीआरटी नसलेला वाढला. एपीआरटी नसलेलाही वाढला. दरवेळी दुसरं दार उघडं होतं. २००६ मध्ये त्यांनी एचजीपीआरटी आणि एक्सपीआरटी दोन्ही एकत्र काढली, म्हणजे ग्लायकोसोममधली दोन्ही दारं बंद. तेव्हा मात्र जंतू अडला. त्याला जगवायचं तर ॲडेनीन द्यायचं आणि शिवाय डीऑक्सिकोफॉर्मायसिन नावाच्या औषधाने ते डीअमिनेज अडवून ठेवायचं. तेव्हा कुठे ॲडेनीन एपीआरटीच्या वाटेने जातं. हा दुहेरी अपंग जंतू उंदरात जवळजवळ वाढतच नाही.

एक्सपीआरटीबद्दल एक शेरा. झँथिन पकडणारं असं एन्झाइम माणसात नाही, म्हणून दर काही वर्षांनी कुणीतरी उत्साहाने लिहितं की हे औषधासाठी उत्तम लक्ष्य. नुसतं माणसात नसणं पुरेसं नसतं. ते बंद पडल्यावर जंतू मरतो का, हे आधी विचारायचं. एकट्या एक्सपीआरटीच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ आहे. प्रोजेक्टचा विषय निवडताना हे ध्यानात ठेव, मार्गदर्शक कितीही भारावलेले असोत.

शिवाय अंतराचाही विचार कर. पांढऱ्या पेशीतला जंतू एका पोकळीत असतो. औषधाला आधी त्या पेशीचा पडदा, मग पोकळीचा, मग जंतूचा, आणि ग्लायकोसोममधल्या एन्झाइमला गाठायचं तर चौथा पडदा ओलांडायचा आहे. ॲलोप्युरिनॉल यात तरतं कारण ते लहान आहे, भार नसलेलं आहे आणि प्युरिनसारखं दिसतं. जंतूच्या बाहेरच्या पडद्यावर प्युरिन ओढून घेणारे वाहक असतात. न्यूक्लिओसाइडांसाठी, म्हणजे साखर जोडलेल्या प्युरिनांसाठी, दोन, मोकळ्या प्युरिनांसाठी आणखी दोन. भारी-भक्कम, भार असलेला रेणू प्रयोगशाळेच्या नळीत एन्झाइमला गारद करतो आणि जिवंत जंतूला ओरखडाही काढत नाही, असं नेहमी होतं.

इतर जंतूंत ही सगळी मांडणी वेगळी आहे, तेव्हा लीशमॅनियाची ओळ मलेरियाला चिकटवू नकोस. हे सगळे वर्ग परीक्षेत एकाच प्रश्नात येतात आणि मुलं गफलत करतात. टॉक्सोप्लाझ्मात ग्लायकोसोम नाही. तिथे एकाच जनुकापासून एचजीपीआरटीसारख्या, पण झँथिनही पकडणाऱ्या एन्झाइमची दोन रूपं बनतात. एक सायटोसॉलमध्ये मोकळं. दुसऱ्यात ४९ अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो, त्यावर चरबीचं शेपूट चढतं आणि ते पेशीच्या कातडीखालच्या पडद्याला जाऊन चिकटतं. त्याच जंतूत ॲडेनोसिन कायनेज ही दुसरी वाट आहे. दोन्हीपैकी एक बंद केली तर चालतं, दोन्ही बंद केल्या तर नाही. जिआर्डियाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्याकडे एक दार ॲडेनीनचं, एक ग्वानीनचं, आणि आतून दोन्ही खोल्यांना जोडणारा रस्ताच नाही. म्हणजे तत्त्वतः कुठलंही एक दार बंद केलं तरी तो संपला. चिंग चुंग वँग यांनी सॅन फ्रॅन्सिस्कोत १९८० च्या दशकात हे उलगडलं. तरीही आजही पोट बिघडल्यावर जिआर्डियासाठी डॉक्टर मेट्रोनिडॅझोलच लिहून देतात, ज्याचा प्युरिनशी काही संबंध नाही.

दोन मार्कांच्या प्रश्नाला एवढं लिहू नकोस. पण तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने ‘हे कशावरून?’ विचारलं, तर डिजिटोनिनच्या दोन रेघा काढून दाखव. मी परीक्षक म्हणून जायचे तेव्हा एवढ्यावर पूर्ण मार्क द्यायचे.

प्रश्न : तुमच्या मागच्या अंकातल्या लेखात होतं की मलेरियाचा जंतू आपल्या रक्तातल्या प्युरिनवर जगतो. डाळींत प्युरिन भरपूर असतात असं ऐकतो. मग मलेरियाच्या तापात रुग्णाला तुरीचं वरण, मुगाची खिचडी बंद करावी का? आमच्या सोसायटीत एकाने असा मेसेज फिरवलाय.
— एक निवृत्त शिक्षक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : नाही. मेसेज फिरवणाऱ्याला मुगाची खिचडी खायला बोलवा.

आपण खाल्लेले प्युरिन बहुतांशी आतड्याच्या भिंतीतच मोडून युरिक ॲसिड होतात, आणि मलेरियाच्या जंतूला युरिक ॲसिडचा काडीइतका उपयोग नाही. त्याला हवं असतं हायपोझँथिन, आणि ते त्याला तांबड्या पेशीत घरबसल्या मिळतं. तांबडी पेशी एटीपीने भरलेली असते. ते मोडत मोडत हायपोझँथिन तयार होतं, आणि जंतूच्या पडद्यावरचा वाहक ते आत ओढतो. मलेरियाच्या जंतूत ॲडेनीन पकडणारं एपीआरटी नाहीच, त्यामुळे त्याचं सगळं ओझं हायपोझँथिन, ग्वानीन आणि झँथिन पकडणाऱ्या एचजीएक्सपीआरटी या एकाच एन्झाइमवर. हायपोझँथिनवर तो इतका अवलंबून की प्रयोगशाळेत त्याला वाढवताना ते मुद्दाम घालतात, आणि नवं औषध चालतं का हे बघायला जंतूने किरणोत्सारी हायपोझँथिन किती गिळलं ते मोजतात. १९७९ पासून ती पद्धत वापरात आहे.

हाच दुवा तोडायचा प्रयत्न झालाय. न्यूयॉर्कच्या व्हर्न श्रॅम यांच्या गटाने हायपोझँथिन तयार करणारं एन्झाइम अडवणारी औषधं बनवली. त्यातलं एक फाल्सिपॅरम मलेरिया झालेल्या माकडांना तोंडाने दिलं, तेव्हा रक्तातले जंतू गेले. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. औषध थांबल्यावर पुढे जंतू परतही आले. एवढं कडक औषध देऊन ही गत, तिथे वरणाची वाटी बाजूला सारून काय साधणार?

तापात रुग्णाला पाणी, मऊ भात, वरण, जे रुचेल ते द्या. रक्ततपासणीत फाल्सिपॅरम आहे की व्हायवॅक्स ते बघून डॉक्टर जो कोर्स देतील, तो शेवटच्या गोळीपर्यंत घ्या. व्हायवॅक्स असेल तर प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी ड्रॉवरमध्ये जातात. आपल्याकडे घरोघरी हेच होतं, आणि दोन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा कुडकुडत दवाखान्यात. ती गोळी सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली आहे का, हे तेवढं विचारून घ्या. त्या एन्झाइमची कमतरता असेल तर प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात.